नव्या मुलखातली जुनी चूल

माणूस आपला देश सोडून परक्या मुलखात राहावयास जातो तेव्हा बरोबर काय नेतो, ह्याचा हिशेब इतिहासाच्या ग्रंथांत सहसा सापडत नाही. किती माणसे गेली, कोणत्या वाटेने गेली, त्यांनी किती एकर जमीन नांगराखाली आणली, हे आकडे मिळतात. परंतु कोणाच्या पेटाऱ्यात कसले बी होते, नव्या घरातला पहिला पाव कोणत्या रीतीने भाजला गेला, आई मुलांशी कोणत्या भाषेत बोलली आणि मुलांनी तिला उत्तर कोणत्या भाषेत दिले, हे शोधावयाचे तर कथा-कादंबऱ्यांकडेच वळावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिमेकडील माळरानांवर जी वसाहत झाली, तिच्यावर लिहिलेल्या कादंबऱ्या ह्या दृष्टीने फार मोलाच्या आहेत. ‘अमेरिकन कोणाला म्हणावे?’ हा वाद त्या देशात कायदेमंडळांत आणि न्यायालयांत झाला, तसाच तो स्वयंपाकघरातही झाला. आणि तेथे तो लढविणाऱ्या बहुतेक स्त्रियाच होत्या. आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत ह्या विषयाला जागा मागण्याचे कारण एवढेच.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगितली पाहिजे. २० मे १८६२ रोजी अध्यक्ष लिंकन यांनी ‘होमस्टेड’ नावाच्या कायद्यावर सही केली. ह्या कायद्याने सरकारी जमिनीपैकी १६० एकरांचा तुकडा किरकोळ फी भरून मागता येई. मागणाऱ्याने तेथे पाच वर्षे राहावे, घर बांधावे, जमीन कसावी, म्हणजे ती त्याच्या मालकीची होई. अट अशी की, अर्जदार एकवीस वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख असावा आणि तो अमेरिकेचा नागरिक असावा, निदान नागरिक होण्याचा इरादा त्याने जाहीर केलेला असावा. विशेष म्हणजे अविवाहित व विधवा स्त्रियांनाही हा अर्ज करता येत असे. नवऱ्याजवळ नांदणाऱ्या बाईला मात्र स्वतःच्या नावावर जमीन मागता येत नसे. १८६९ साली आगगाडीचा रस्ता देशाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पुरा झाला आणि माणसांचा लोंढा माळावर येऊ लागला. १९३४ पर्यंत ह्या कायद्याखाली सोळा लाखांवर अर्ज हातावेगळे झाले आणि २७ कोटी एकरांहून अधिक जमीन खासगी मालकीत गेली.

जमीन मिळे, पण घर कशाने बांधावयाचे? नेब्रास्का आणि डाकोटा ह्या प्रदेशांत मैलोगणती झाड दिसत नसे. गवताच्या मुळ्यांनी घट्ट विणलेली माती नांगराने कापून तिच्या लाद्या काढावयाच्या आणि त्या विटांसारख्या रचून भिंती उभ्या करावयाच्या, अशी ती घरे होती. पाऊस पडला की छपरातून चिखल ठिबके. सरपण नाही, म्हणून बायका माळावर फिरून रानगव्यांचे आणि गुरांचे वाळलेले शेण गोळा करीत आणि त्यावर स्वयंपाक करीत. हे वाचताना आपल्या खेड्यांतील गोवऱ्यांची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

ह्या मुलखात स्वीडिश, नॉर्वेजियन, डेन, जर्मन, रशियन आणि बोहेमियातून आलेले चेक लोक शेजारीशेजारी येऊन बसले. १८९० च्या शिरगणतीने असे जाहीर केले की, वस्ती आणि ओसाड मुलूख ह्यांच्यामधली सलग सीमारेषा आता उरलेली नाही. त्यानंतर तीन वर्षांनी, १८९३ साली, फ्रेडरिक जॅक्सन टर्नर ह्या तरुण इतिहासकाराने शिकागो येथे एक निबंध वाचला. अमेरिकन माणसाचा स्वभाव ह्या सरहद्दीने घडविला, तिच्याच मुशीत निरनिराळ्या देशांचे लोक वितळून त्यांचे एक राष्ट्र झाले, असा त्याचा सिद्धान्त होता. पुढे १९०८ मध्ये इस्रायल झँगविल ह्यांचे ‘द मेल्टिंग पॉट’ हे नाटक आले आणि मुशीची ही उपमा सर्वतोमुखी झाली. सोनार मुशीत जुने दागिने टाकतो, ते वितळतात आणि त्यांतून नवा दागिना घडतो. उपमा देखणी आहे. परंतु मुशीत पडलेल्या दागिन्याला कोणी विचारीत नाही की, तुला वितळावयाचे आहे काय? कादंबरीकारांनी विचारला तो हा प्रश्न.

ह्या कादंबरीकारांत पहिले नाव विला कॅदर ह्या लेखिकेचे. तिचा जन्म १८७३ चा, व्हर्जिनिया प्रांतातला. नऊ वर्षांची असताना, १८८३ साली, ती घरच्यांबरोबर नेब्रास्कात आली. (त्याच वर्षी आपल्या आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेस पोचल्या होत्या.) तट्टावर बसून ही मुलगी शेजारच्या परदेशी बायांकडे जाई आणि त्यांचे पाव भाजणे, लोणी काढणे पाहत तासन् तास बसे. त्या बायांना इंग्रजी जेमतेम येई. पण त्या जे सांगत त्यावर तिचे मन भरून जाई. पुढे ती न्यू यॉर्कमध्ये एका मोठ्या मासिकाची संपादिका झाली. परंतु चाळिशीच्या उंबरठ्यावर तिने लिहावयास घेतले ते ह्याच शेजारणींविषयी. ‘ओ पायोनियर्स!’ ही कादंबरी १९१३ साली आणि ‘माय आन्तोनिया’ १९१८ साली प्रसिद्ध झाली. स्वीडिश किंवा चेक शेतकऱ्याची मुलगी कादंबरीची नायिका होऊ शकते, हेच त्या काळच्या वाचकांना नवे होते. तोवर अशी माणसे पुस्तकांत येत ती बहुधा त्यांच्या मोडक्या इंग्रजीने हसविण्यासाठी.

‘माय आन्तोनिया’तील शिमेर्दा कुटुंब बोहेमियाहून येते. बाप विणकर, फिडल वाजविणारा, हळव्या मनाचा. शेजारी बर्डन हे व्हर्जिनियातून आलेले, म्हणजे भाषेने व धर्माने ‘अस्सल’ अमेरिकन. दोन्ही घरांतली माणसे चांगली, एकमेकांस मदत करणारी. तरीसुद्धा परकेपणाची काच किती पातळ आणि किती कठीण असते, हे लेखिकेने दोन बारीक प्रसंगांत दाखविले आहे.

पहिला प्रसंग पावाचा. शिमेर्दाबाई पीठ मळून झाले की भांड्याच्या कडेला चिकटलेले पीठ तसेच ठेवते, ते आंबू देते आणि पुढल्या खेपेस तेच नव्या पिठात कालवते. आपल्याकडे विरजण राखून ठेवतात त्यातलाच हा प्रकार. पण बर्डन आजीबाईंना ती कळकट रीत पाहून शिसारी येते. दुसरा प्रसंग भेटीचा. शिमेर्दाबाई एका पिशवीतून कसलेसे वाळलेले, मातकट तुकडे मोठ्या अगत्याने आजीबाईंना देते. ते काय आहे हे घरी कोणालाच ओळखता येत नाही; वास विचित्र; आजीबाई भीतीने ती पुडी चुलीत टाकतात. नातू जिम एक तुकडा चाखून पाहतो, आणि पुष्कळ वर्षांनी त्याला उमगते की, ती वाळवलेली अळंबी होती. बोहेमियाच्या कोण्या खोल अरण्यात ती वेचली होती आणि समुद्रापार जिवापाड जपून आणली होती. घरात अन्नाची टंचाई असताना त्या बाईने शेजारणीला आपल्या देशाची सर्वांत दुर्मीळ वस्तू दिली आणि ती जळून गेली. आजीबाई दुष्ट होत्या काय? मुळीच नाही. अज्ञानानेही केवढे नुकसान होते, एवढेच लेखिकेला दाखवावयाचे आहे.

त्याच कादंबरीत बापाचा एक प्रसंग आहे. शिमेर्दा एक पुस्तक आणतो. त्यात दोन लिप्या छापलेल्या, एक इंग्रजी आणि एक चेक. ते तो आजीबाईंच्या हाती देतो आणि आपल्या आन्तोनियाला शिकवा, अशी आर्जवाने विनवणी करतो. मुलीने नव्या देशाची भाषा शिकावी असे त्याला मनापासून वाटते. पण स्वतः त्याला ह्या देशात मूळ धरता येत नाही. घरची ओढ आणि पहिल्याच हिवाळ्याचे हाल ह्यांनी खचून तो आपल्या हातांनी जीव देतो. आत्महत्या केलेल्याला कॅथलिक दफनभूमी नाही, नॉर्वेजियन चर्चही जागा नाकारते. अखेर शेताच्या कोपऱ्यावर त्याला पुरतात. पुढे वर्षांनी तेथे रस्ते होतात, परंतु ते त्या थडग्याला वळसा घालून जातात आणि त्या चिमुकल्या चौकोनात माळाचे जुने उंच गवत तसेच राहते. सबंध कादंबरीत ह्या थडग्याइतकी मनात रुतून बसणारी जागा दुसरी नाही.

आन्तोनिया मग पुरुषासारखी नांगर धरते, पुढे गावात मोलकरीण म्हणून राहते. गावातल्या अमेरिकन घरांतील मुली कितीही ओढाताण असली तरी दुसऱ्याच्या घरी कामाला जात नसत. तो कमीपणा समजला जाई. स्कँडिनेव्हियन आणि चेक मुली मात्र जात आणि पगार घरी पाठवीत. त्या पैशांनी बापाचे कर्ज फिटे, नांगर येई, गाई येत. गावकरी त्यांना सरसकट ‘परदेशी’ आणि अडाणी म्हणत. कॅदर सांगते की, ह्याच मुली पुढे भरल्या शेतांच्या मालकिणी झाल्या. आन्तोनियाची एकाकडून फसवणूक होते, ती गरोदर अवस्थेत माहेरी परतते, पुन्हा राबते आणि शेवटी आपल्याच देशाच्या एका सज्जन माणसाशी संसार मांडते. वीस वर्षांनी जिम तिला भेटावयास जातो तेव्हा घरात मुलांचे गोकुळ आहे. घरात चेक बोलतात. धाकट्यांना शाळेत जाईपर्यंत इंग्रजी येतच नाही. तळघरात फळांच्या बरण्यांच्या रांगा आहेत. मसाल्यात मुरवलेल्या आलुबुखाऱ्यांची बरणी दाखवीत एक मुलगा अभिमानाने सांगतो की, असली वस्तू अमेरिकन लोकांकडे नसते. हा मुलगा जन्माने अमेरिकन, त्या मातीशिवाय दुसरी माती त्याने पाहिलेली नाही; पण ‘अमेरिकन’ म्हणजे शेजारचे, असेच त्याच्या तोंडी येते! ह्यात कोणास द्रोह दिसेल. कॅदरला दिसते ते एका भरल्या घरातील स्वास्थ्य.

आन्तोनिया ही केवळ कल्पना नव्हती. आन्ना सादिलेक-पावेल्का ही कॅदरची बाळमैत्रीण. तिच्यावरून हे पात्र रंगविले. १८६९ साली जन्मलेली ही स्त्री १९५५ पर्यंत जगली.

‘ओ पायोनियर्स!’मध्ये प्रश्न थोडा वेगळा आहे. अलेक्झांड्रा बर्गसन ही स्वीडिश शेतकऱ्याची मुलगी. बाप मरताना शेताचा कारभार मुलांऐवजी तिच्यावर सोपवितो, कारण बाजारभाव वाचणारी, विचार करणारी तीच. दुष्काळात लोक जमिनी विकून पळतात तेव्हा ती धीराने जमीन धरून ठेवते, वाढविते आणि भाऊ श्रीमंत होतात. मग तेच भाऊ तिला ऐकवतात की, घराण्याची मालमत्ता ही शेवटी पुरुषांचीच. ही गोष्ट नेब्रास्काची, परंतु ती समजण्यास आपल्यापैकी कोणालाही नकाशा उघडावा लागणार नाही.

ह्या श्रीमंतीबरोबर भावांच्या घरांत आणखी एक गोष्ट शिरते: लाज. ऑस्करची बायको अमेरिकन. आपण परदेश्याशी लग्न केले ह्याची तिला लाज वाटते आणि तिच्या मुलांना स्वीडिशचा एक शब्द कळत नाही. दुसरा भाऊ लू आणि त्याची बायको घरात कधीमधी स्वीडिश बोलतात, पण कोणी ऐकेल ह्या भीतीने. लूची म्हातारी सासू ह्या टापटिपीच्या घरात गुदमरते. वर्षातून एकदा ती अलेक्झांड्राकडे आठवडाभर राहावयास येते. तेथे तिला रात्रीची टोपी घालून, खिडक्या लावून निजता येते आणि पोटभर स्वीडिश बोलता येते. म्हातारा आयव्हर हा आणखी एक जीव. अनवाणी हिंडणारा, बायबल वाचणारा, जनावरांची दुखणी जाणणारा. गावचे लोक त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडा म्हणतात. आयव्हर म्हणतो, आमच्या जुन्या देशात असे निराळे लोक पुष्कळ असत, त्यांना कोणी काही म्हणत नसे. इथे मात्र माणूस वेगळा दिसला की त्याला कोंडतात. अलेक्झांड्रा त्याला आपल्या आश्रयाला ठेवते. म्हणजे आपल्यासारखीच नसलेली माणसे जिथे निर्धास्त राहू शकतात असे घर तिने बांधले आहे. कॅदरच्या मनातील राष्ट्राचे चित्र हेच, असे म्हणावयास हरकत नाही.

कॅदरने जे शेजारून पाहिले ते ओले रोलव्हाग ह्या लेखकाने आतून भोगले. नॉर्वेतील एका बेटावर कोळ्यांच्या घरी १८७६ साली त्याचा जन्म झाला. वीस वर्षांचा असताना तो दक्षिण डाकोटात आला आणि पुढे मिनेसोटात नॉर्वेजियन भाषेचा प्राध्यापक झाला. त्याची ‘जायंट्स इन द अर्थ’ ही कादंबरी इंग्रजीत १९२७ साली निघाली; परंतु मूळ पुस्तक अमेरिकेत राहून नॉर्वेजियनमध्ये लिहिलेले आणि १९२४-२५ मध्ये नॉर्वेत दोन भागांत छापलेले. अमेरिकेच्या घडणीवरील एक श्रेष्ठ कादंबरी इंग्रजीत लिहिलेलीच नाही, ही गोष्टच पुरेशी बोलकी आहे.

ह्या कादंबरीत पेर हान्सा उत्साहाने उसळणारा आहे. त्याला नव्या जमिनीत राज्य दिसते. त्याची बायको बेरेट हिला तेथे दिसते ती निव्वळ पोकळी: ना झाड, ना डोंगर, ना लपावयास आडोसा. संध्याकाळ झाली की ती खिडक्यांवर कापडे टांगते. एकदा पेर हान्साला आपल्या शेजाऱ्यांच्या जमिनीत आयरिश लोकांनी रोवलेल्या खुंट्या सापडतात आणि तो त्या गुपचूप उपटून जाळतो. पुढे त्या आयरिशांचा दावा कायद्याने खोटा ठरतो आणि सगळे त्याचे कौतुक करतात. पण बेरेट हादरते. तिच्या देशात बांध सरकविण्याएवढे मोठे पाप नाही. नवरा नाव बदलतो, बापाच्या नावावरून चालत आलेली रीत सोडून अमेरिकन धर्तीचे आडनाव घेतो, तेव्हाही तिला वाटते की, पूर्वजांचे नाव टाकणारी माणसे उद्या काय टाकणार नाहीत? टोळधाड येते तेव्हा ती भीतीने पणजोबांच्या वेळच्या जुन्या पेटाऱ्यात मुलांसह शिरून बसते. त्या पेटाऱ्यात तिचा सगळा देश उरला आहे. वाचकाला प्रथम बेरेट दुबळी वाटते. कथा पुढे जाते तसे कळते की, नव्या मुलखाची किंमत काय पडते आहे, हे त्या वस्तीत तिलाच स्पष्ट दिसत होते. पुढच्या भागांत तिचा धाकटा मुलगा पेडर इंग्रजीकडे ओढला जातो आणि आयरिश कॅथलिक मुलीशी लग्न करतो. आई नॉर्वेजियनमध्ये हाक मारते, मुलगा इंग्रजीत स्वप्ने पाहतो. ह्या दुःखाला रोलव्हागने तोड सांगितलेली नाही. ते नीट पाहिले आहे, एवढेच.

आता कोणी म्हणेल, ही कादंबरीतील हळवी माणसे. प्रत्यक्षात कोणी कोणाची भाषा हिसकावली नाही. इतिहास तसे सांगत नाही. अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरल्यावर जर्मन बोलणारा प्रत्येक शेजारी संशयित झाला. २३ मे १९१८ रोजी आयोवाच्या गव्हर्नरने फर्मान काढले की, शाळांत, सार्वजनिक ठिकाणी, आगगाडीत आणि टेलिफोनवर सुद्धा इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलू नये. फर्मान जर्मनांसाठी होते, पण तडाखा डेन, नॉर्वेजियन, चेक सर्वांना बसला. १९१९ मध्ये नेब्रास्काने कायदा केला की, आठवी इयत्ता पास होण्यापूर्वी कोणत्याही मुलाला परकी भाषा शिकवू नये. खासगी शाळेतही नाही. मे १९२० मध्ये रॉबर्ट मेयर हा शिक्षक एका ल्यूथरन शाळेत दहा वर्षांच्या मुलाला बायबलमधील गोष्टी जर्मनमधून वाचावयास शिकवीत होता. त्याला २५ डॉलर दंड झाला. मेयर शेवटपर्यंत लढला. ४ जून १९२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी निकाल दिला की, भाषा शिकविण्याचा शिक्षकाचा आणि आपल्या मुलाने काय शिकावे हे ठरविण्याचा आईबापांचा हक्क राज्याला असा हिरावता येत नाही. त्याच वर्षी कॅदरने एका साप्ताहिकात नेब्रास्कावर लेख लिहून ह्या भाषाबंदीवर टीका केली. एकच भाषा आल्याने मुलगा अधिक चांगला अमेरिकन होतो, ही समजूत तिला मुळीच मान्य नव्हती.

स्त्रियांच्या बाबतीत तर ‘राष्ट्रीयत्व’ ही आणखी विचित्र वस्तू होती. १८५५ च्या कायद्याने परदेशी बाई अमेरिकन माणसाची बायको झाली की आपोआप नागरिक होई. आणि १९०७ च्या कायद्याने अमेरिकन बाईने परदेश्याशी लग्न केले की तिचे नागरिकत्व जाई. १९२२ साली हे नियम पुष्कळसे बदलले. तोवर कागदावर बाईचा देश नवरा ठरवी. घरात मात्र मुलांचा देश तीच घडवीत होती!

आणि ही मूस सर्वांना खुली होती असेही नाही. १९२३ सालीच सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद ह्या पंजाबी गृहस्थाच्या खटल्यात ठरविले की, हिंदुस्थानातील माणूस ‘गोरा’ नव्हे, सबब तो नागरिक होऊ शकत नाही. आपल्या देशबांधवांसाठी ही दारे १९४६ च्या कायद्याने उघडली. आज तेथे महाराष्ट्र मंडळांत गणपती बसतो आणि सुट्टीच्या दिवशी मराठी शाळा भरते, त्यामागे एवढा इतिहास आहे.

परंतु सर्वांत मोठा प्रश्न अजून राहिलाच. ही जमीन ‘ओसाड’ होती काय? पेर हान्साच्या शेताजवळच्या टेकडीवर एक थडगे आहे, तेथल्या मूळ रहिवाशाचे. घर बांधावयास आलेल्या माणसाला पहिल्याच दिवसांत आधीच्या घरधन्याची खूण सापडते. कादंबरी ती पाहते आणि पुढे चालू लागते. कॅदरचे बालपण ज्या रेड क्लाउड गावात गेले, त्याचे नावच लाकोटा लोकांच्या एका नामवंत पुढाऱ्याचे. तो मुलूख मात्र पॉनी लोकांचा होता आणि त्यांना १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेकडे हलविण्यात आले होते. लॉरा इंगल्स वाइल्डर हिच्या ‘लिटल हाउस ऑन द प्रेअरी’ ह्या १९३५ च्या लोकप्रिय बालपुस्तकात तर एका वाक्याचा अर्थ असा होई की, त्या माळावर माणसे नव्हतीच, होते ते फक्त इंडियन! १९५३ च्या आवृत्तीत ते वाक्य बदलावे लागले. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ साली प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेच्या प्रवासवृत्तात त्या देशातील स्त्रियांच्या उद्योगाची मनापासून वाखाणणी केली, पण मूळ रहिवाशांवर झालेला अन्यायही त्यांच्या नजरेतून सुटला नाही.

रोलव्हाग जन्मला त्याच १८७६ साली दक्षिण डाकोटात झितकाला-शा ही यांक्टन जमातीची मुलगी जन्मली. आठ वर्षांची असताना मिशनऱ्यांनी तिला दूर इंडियाना प्रांतातील शाळेत नेले. तेथे तिचे लांब केस जबरदस्तीने कापले. ती पलंगाखाली लपली, तर ओढून काढून खुर्चीला बांधले. तिच्या लोकांत केस कापले जात ते सुतकी माणसाचे किंवा भ्याडाचे. केशवपनाची चाल ज्या समाजाने पाहिली आहे, त्याला ह्या अपमानाचा अर्थ वेगळा समजावून सांगावयास नको. १९०० साली तिने हे सारे इंग्रजीत लिहून एका प्रतिष्ठित मासिकात छापले. म्हणजे बेरेटच्या मुलाची भाषा हळूहळू सुटली. झितकाला-शाची भाषा सोडविण्यासाठी सरकार आणि शाळा दोन्ही कामास लागल्या होत्या. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळाले ते १९२४ साली. बाहेरून येणाऱ्यांवर देशवार कडक मर्यादा घालणारा कायदाही त्याच वर्षीचा.

ह्या सर्वांतून काय घ्यावयाचे? एक गोष्ट निश्चित दिसते. ज्यांनी आपली चूल विझवून टाकली तेच खरे अमेरिकन झाले, असे ह्या कादंबऱ्या सांगत नाहीत. आन्तोनिया चेक बोलत राहिली, आणि तरीही तिच्या हातांनी लावलेली फळबाग ही अमेरिकेच्या मातीतलीच होती. तिच्या मुलांना दोन भाषा आल्या म्हणून देशाचे काही उणे झाले नाही. ज्यांना लाज शिकविली गेली, ती ऑस्करची मुले मात्र आपल्या आजोळच्या नव्हे तर बापाच्याच घरात परकी झाली. राष्ट्र एक व्हावे ह्यासाठी घरे मुकी करावी लागत नाहीत. आपल्याही शेजारी कानडी, गुजराती, तेलुगू, हिंदी बोलणारी बिऱ्हाडे येतात. आपली मुले दूरदेशी जातात. शेजारीण काही वेगळाच पदार्थ वाटीत घालून घेऊन आली, तर ती वाटी चुलीत रिकामी करण्यापूर्वी ‘हे काय, आणि कसे करतात?’ एवढे विचारावे. राष्ट्राची एकी पुष्कळदा त्या प्रश्नापासून सुरू होते.

शेवटी नेब्रास्काने अलीकडे केलेली एक गोष्ट सांगितली पाहिजे. अमेरिकेच्या राजधानीतील संसदभवनात प्रत्येक राज्याचे दोन पुतळे असतात. नेब्रास्काने आपले दोन्ही जुने पुतळे बदलले. २०१९ साली तेथे पोंका जमातीचा पुढारी स्टँडिंग बेअर उभा राहिला आणि २०२३ साली विला कॅदर. स्टँडिंग बेअरच्या लोकांना १८७७ मध्ये नेब्रास्कातून हुसकून दक्षिणेस नेले होते. तेथे त्याचा मुलगा वारला. मला आपल्या भूमीत पुरा, असे त्याने मरताना मागितले होते. म्हणून १८७९ च्या जानेवारीत, ऐन थंडीत, बाप मुलाचे अवशेष घेऊन थोड्या सोबत्यांसह पायी उत्तरेस निघाला. त्याला अटक झाली, खटला उभा राहिला, आणि ओमाहाच्या न्यायाधीशाने निकाल दिला की, इंडियन हाही कायद्याच्या दृष्टीने माणूसच आहे. माणूस आहे, हे न्यायालयाला सांगावे लागले!

एक थडगे बोहेमियाहून आलेल्या, परक्या मातीत निजलेल्या विणकराचे. दुसरे आपल्याच मातीत परत येण्यासाठी बापाला शेकडो मैल चालावयास लावणाऱ्या मुलाचे. पहिले कादंबरीतले, दुसरे इतिहासातले. ह्या दोन्ही थडग्यांना वळसा घालून जाईल असा रस्ता ज्या देशाला आखता येईल, तोच देश सर्वांचा होईल. अमेरिकेला तो अजून पुरता आखता आलेला नाही. पण निदान दोन्ही पुतळे एका छपराखाली आले, हेही थोडे नव्हे.